जुकाचं अर्धं वाक्य

रविवारची दुपारची जेवणं उरकली की ब्राझीलमधल्या पेद्रा मान्सा गावातली माणसं हल्ली आडवी होत नसत. छत्र्या उघडून, पोरं काखोटीला मारून ती बंद पडलेल्या कापसाच्या गोदामाकडे निघत. चर्चमधली प्रार्थना चुकली तरी चालेल, पण गोदामातली पुढची खुर्ची चुकता कामा नये, अशी गत झाली होती. कारण तिथे मेलेली माणसं कॉम्प्युटरवर लिहीत होती.

समोर एक टेबल, त्यावर पांढऱ्या लेसचं कापड. कापडावर कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, एक माउस. मागच्या चुना मारलेल्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. आणि टेबलाशेजारी पांढऱ्या सदऱ्यातला, केसांना तेल चोपडलेला बंधू लिसान्द्रो.

"या, लाजू नका! कुणीही या आणि कुठलीही कळ दाबा. ओतासीलिओकाका, तुम्ही या. रोज लोकांच्या माना वाकवता, आज जरा बोटं चालवा."

न्हावी ओतासीलिओ उठला. त्याने दहाही बोटांनी कीबोर्ड बडवला. भिंत कोरीच.

"जोरात दाबा, काका! वस्तरा नाहीये तो, कापणार नाही!" लोक हसले. लिसान्द्रोने हात वर केला. "उमटलं काही? नाही. का नाही? जिवंत माणसाची बोटं जड! हाडांचं वजन, मांसाचं वजन, पापाचं वजन! मेलेल्यांना बोटंच नाहीत. ते विजेनं लिहितात. वीज कुठून येते? धरणातून. धरणात काय असतं? पाणी. आणि पाणी कुणाचं?"

"देवाचं!" गोदाम घुमलं.

"मग झालं की नाही सिद्ध?"

काय सिद्ध झालं ते कुणीच विचारलं नाही. लिसान्द्रो टेबलापासून लांब सरकला, दोन्ही हात वर करून डोळे मिटून उभा राहिला. लोकांनी भजन धरलं, आणि भिंतीवर एकेक अक्षर उमटायला लागलं. टेबलाजवळ चिटपाखरूही नव्हतं.

मागच्या रांगेत, भिंतीला टेकून जुसारा बसली होती. तिला काहीच वाटलं नाही. अंगावर काटा नाही, राग नाही, हसूही नाही. धाकटा भाऊ जुका चुनखडीच्या ट्रकसकट वळणावरून खाली दरीत गेला, त्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. तिने शवपेटी निवडली, बाकी सगळे रडत होते तेव्हा सगळ्यांना कॉफी दिली, आणि सुट्टी संपताच शाळेत जाऊन मुलांना कॉम्प्युटर शिकवायला लागली. शेजारणी म्हणाल्या, पोरगी दगड आहे. तिला तेही पटलं. कुणीतरी तिच्या आत कापूस ठासून भरल्यासारखं झालं होतं. आवाज यायचे, पण लांबून.

आईचं मात्र उलटं होतं. दोना झुल्मिरा महिनोन्महिने खोलीतून बाहेर आली नव्हती. मग शेजारची फातिमा तिला इथे घेऊन आली, आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर अक्षरं आली: आई, मी जुका. मला दुखलं नाही. जुसाराला सांग, रडणं थांबव.

दोना झुल्मिरा खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेली आणि त्या उजेडावर गाल टेकवून उभी राहिली. अक्षरं तिच्या केसांवर, कानावर पडली होती. जुसारा मागून बघत होती. आपण तर रडलोच नाही, एवढाच विचार तिच्या मनात आला. आपली बहीण कशी आहे हे ज्याला ठाऊक नाही तो जुका कसला? पण त्या रात्री आईने पुष्कळ दिवसांनी स्वतः भात टाकला, घेवड्याच्या बियांना लसणाची फोडणी दिली आणि जेवताना एकदा हसलीसुद्धा. जुसारा गप्प राहिली. आईला बरं वाटतंय ना, मग राहू दे, असं तिने ठरवलं. खरं तर ठरवलं असंही नाही. तिने काहीच केलं नाही, इतकंच.

मग आईला तहान लागायला लागली. तांब्यामागून तांबे पाणी. बसल्या जागी डुलकी. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, ती जखम भरेना. जुसाराने फ्रिज उघडला तर आईच्या रोजच्या इन्सुलिनची पेनं होती तशीच रांगेत पडलेली, आणि शेजारी लिसान्द्रोच्या मंतरलेल्या पाण्याच्या निळ्या बाटल्या.

"आई, सुई घेत नाहीस तू?"

"जुकानं नको म्हटलंय."

"कधी?"

"गेल्या रविवारी. तू शाळेचे पेपर तपासत बसली होतीस. त्यानं लिहिलं, आई, सुई टोचलेली मला इथं दुखते. तो पाण्यात औषध पाठवतोय."

"आई, साखर वाढून माणूस मरतं."

दोना झुल्मिराने लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. "मेलं तर मेलं. तिकडं तो आहेच की."

जुसाराने तिचं बोट टोचून यंत्रात रक्ताचा थेंब टाकला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. मोजण्याच्या पलीकडे गेलीय, एवढंच दाखवलं. तिने आईला गळ घातली, दवाखान्यातून नर्सला बोलावून आणलं. आईने दोघींच्या तोंडावर दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलीने हात वर केला. "बाई, माझा कीबोर्ड मेला."

रोजचंच होतं. मुलं घरून काहीबाही आणून कॉम्प्युटरला जोडतात म्हणून शाळेत एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवला होता. ओळखीचा कीबोर्ड, ओळखीचा माउस असेल तरच आत घ्यायचं. नवा दिसला, किंवा जुनाच पण दुसऱ्या भोकात खुपसलेला दिसला, तर दारातच उभा करायचा. मग तो कितीही बडवा, कॉम्प्युटरच्या लेखी तो नाहीच. त्यावरचा हिरवा दिवासुद्धा लागत नाही. बाईंनी येऊन परवानगी दिली की तोच कीबोर्ड जिवंत.

जुसाराने माउसने परवानगी दिली. हिरवा दिवा लागला. आणि तिचा हात तिथेच थांबला. गोदामातल्या टेबलावरच्या कीबोर्डचा दिवा ओतासीलिओ एवढं बडवत होता तेव्हाही लागला नव्हता.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. भिंतीवर जुका लिहायचा, आई जेवलीस का. फातिमाचा गेलेला नवरा लिहायचा, मला विसरली नाहीस ना. कुणाच्याच प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह नसायचं. शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, सगळ्या मृतांची एकच चूक. जुसाराने समोरच्या कीबोर्डवर पाहिलं. ब्राझीलच्या कीबोर्डवर प्रश्नचिन्हाची कळ उजव्या कोपऱ्यात वेगळी असते. बाहेर देशात बनलेल्या छोट्या बिनतारी कीबोर्डवर ती जास्तीची कळच नसते, म्हणून इथल्या कॉम्प्युटरला जोडला की त्यावरून प्रश्नचिन्ह उमटतच नाही.

म्हणजे कुणीतरी लिहीत होतं. बोटांनीच लिहीत होतं. फक्त टेबलावरच्या कीबोर्डवर नाही.

हे कळल्यावरही तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तिने फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला. संध्याकाळी आईला सगळं समजावून सांगितलं. आई म्हणाली, "तुला तो नकोच होता कधी." असं ती शुद्धीत असती तर म्हणाली नसती.

पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं होतं. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. लिसान्द्रोने दोना झुल्मिराला पहिल्या रांगेत बसवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गर्दीला सांगितलं, "आज या माऊलीची सुई कायमची सुटणार! उद्या ही बातमी कुठंकुठं जाईल बघा!" त्याला असा एक चमत्कार हवाच होता. निळ्या बाटल्यांनी भरलेली गाडी बाहेर उभी होती. पुढच्या गावाला जायची तयारी होती. त्याची बहीण देल्वा नेहमीसारखी रांगेतल्या लोकांना कॉफी देत, कुणाचं कोण गेलं, कसं गेलं, हळहळत विचारत फिरली आणि भजन सुरू होताच मागच्या मुदपाकखान्यात जाऊन तिने दार लावून घेतलं.

हात वर गेले. अक्षरं आली: आई, सुई आता कायमची

तेवढ्यात वीज कडाडली. दिवे गेले. अंधारात ढकलाढकली झाली, टेबल सरकलं, काहीतरी खाली पडलं. विजेच्या लखलखाटात लिसान्द्रो टेबलाखाली चाचपडताना कुणाकुणाला दिसला. दिवे परत आले तेव्हा तो केस चापत उभा होता. त्याने माउसने कोरं पान उघडलं, हात वर केले, भजन सुरू झालं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पत्र्यावर असा ताशा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

भिंत कोरीच राहिली.

भजन दोनदा म्हणून झालं. काही नाही.

"आत्मे दमले," लिसान्द्रो ओरडून म्हणाला. "आज एवढंच!"

"असं कसं एवढंच?" दोना झुल्मिरा उभी राहिली. "सुई कायमची काय? सोडू का घेऊ? माझ्या पोराचं वाक्य राहिलंय!"

"माऊली, यंत्र बिघडलंय."

"मग माझी लेक दुरुस्त करील! शाळेत कॉम्प्युटर शिकवते ती. जुसारा! ये इकडं! तुझ्या भावाचं वाक्य अडकलंय, सोडव!"

"नको, नको! हे पवित्र यंत्र आहे, परक्याचा हात—"

"बहिणीचा हात परका कसा?" ओतासीलिओ मागून ओरडला. "मागच्या खेपेला तर माझीसुद्धा दहा बोटं चालली तुम्हाला!"

लोकांनी बाजूला होऊन वाट केली. जुसारा त्या वाटेने चालत गेली. आपले पाय आपल्याला पुढे नेताहेत, एवढंच तिला जाणवत होतं. ती खुर्चीत बसली आणि वर्गात बसते तशी तिने माउस हातात घेतला.

पडद्याच्या कोपऱ्यात शाळेतल्यासारखीच ढालीची खूण होती. तिने ती उघडली. भिंतीवर ती खिडकी माणसाएवढी मोठी दिसली.

"प्रोजेक्टर बंद करा!" लिसान्द्रो म्हणाला.

"असू दे की," ओतासीलिओ म्हणाला. "आम्हालाही शिकू दे चार गोष्टी."

जुसारा वर्गातल्या आवाजात बोलायला लागली. पावसावरून पोचेल असा, सपाट, दमलेला आवाज. "हा प्रोग्रॅम म्हणजे दारावरचा पहारेकरी. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते हा ठरवतो. हा माउस. याला परवानगी आहे, म्हणून चालतोय. हा कीबोर्ड, टेबलावरचा. याला परवानगी नाही. म्हणून तुम्ही कितीही दाबा, काही उमटत नाही. बोटांच्या वजनाचा संबंध नाही."

"म्हणजे मुद्दाम बंद केलाय?" फातिमाने विचारलं.

"हो." जुसाराने टेबलावरचा कीबोर्ड उपटून काढला. भिंतीवरची त्याची ओळ पुसली गेली. खाली एक ओळ शिल्लक होती. "आणि हा दुसरा कीबोर्ड. यालाही आता परवानगी नाही. मघाशी होती. अंधारात त्याचा रिसीव्हर, हा इथं खुपसलेला चिमुकला तुकडा, निसटून पडला, आणि कुणीतरी तो चाचपडत दुसऱ्याच भोकात बसवला. पहारेकऱ्याला वाटलं, नवाच कुणी आला." ती थांबली. "पण टेबलावरचा कीबोर्ड तर मी काढला. मग हा दुसरा आहे कुठं?"

लिसान्द्रो दोन्ही हातांनी नाही नाही करत होता. त्याचा आवाज पत्र्यावरच्या पावसात बुडून गेला. तो मुदपाकखान्याकडे वळला, तर दारात माणसं दाटून उभी होती.

"जुकाचं वाक्य अडकलंय," जुसारा म्हणाली. "सोडवते." आणि तिने त्या ओळीवर परवानगी दिली.

क्षणभर काही झालं नाही. मग भिंतीवर भराभर अक्षरं उमटायला लागली.

ककककक

आता येतंय का

लिसान्द्रो मी मघापासून बडवतेय पावसात काहीच ऐकू येत नाही लोक गेले का

सुईचं पुढं लिहू का म्हातारी गेली

दोनशे माणसं भिंत वाचत होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते. शेवटची ओळ कुणी मोठ्याने वाचली नाही. तरी ती दोना झुल्मिराने वाचलीच.

ओतासीलिओने मुदपाकखान्याचं दार ढकललं. देल्वा कॉफीच्या किटलीशेजारी स्टुलावर बसली होती. मांडीवर हाताच्या पंजाएवढा काळा कीबोर्ड, पायाशी भिंतीतल्या फटीतून कान देण्यासाठी टाकलेली उशी. ती दचकून म्हणाली, "कॉफी हवी का कुणाला?"

कुणीतरी हसलं. पण ते हसू टिकलं नाही.

"सैतान शिरला यंत्रात!" लिसान्द्रो आता घसा फोडून ओरडत होता. "हिनं आत्म्यांची वाट अडवली!"

जुसाराने टेबलावरचा कीबोर्ड परत जोडला आणि त्यालाही परवानगी दिली. हिरवा दिवा लागला. "काका, दाबा."

ओतासीलिओने एका बोटाने आपलं नाव लिहिलं. भिंतीवर ते उमटलं, अर्ध्यात अडखळत, एक अक्षर गाळून. मग एक बाई आली, तिने आपल्या नातीचं नाव लिहिलं. मग आणखी कुणी. वजनदार, जिवंत बोटं. लिसान्द्रोच्या डोळ्यांदेखत भिंत नावांनी भरत गेली.

सगळे खूश झाले असं नाही. फातिमा जुसारापुढे उभी राहिली. "दर रविवारी माझा नवरा माझ्याशी बोलायचा. तू आज त्याला दुसऱ्यांदा मारलंस. काय मिळालं तुला?"

"माझी आई मिळेल कदाचित," जुसारा म्हणाली.

"आणि मला?"

जुसारा म्हणाली, "फातिमाताई, तुमचा नवरा तुमच्याशी बोलतच नव्हता. तुम्ही कॉफी घेताना देल्वाशी बोलत होता. तेच तुम्हाला परत मिळत होतं."

फातिमाने हातातली निळी बाटली टेबलावर ठेवली आणि पावसात निघून गेली. छत्री तिथेच राहिली.

दोना झुल्मिरा खुर्चीत बसून होती. लिसान्द्रो आणि देल्वाला लोकांनी घेरलं होतं, पोलिसांना फोन गेला होता, कुणी बाटल्या गाडीतून काढून फोडत होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. जुसारा शेजारी येऊन बसली तेव्हा तिने विचारलं, "मग तो आहे कुठं?"

"मला माहीत नाही, आई."

"या लोकांना माहीत होतं."

"त्यांनाही नव्हतं. ते म्हणाले आणि आपण ऐकलं. कसं कळलं तुम्हाला, असं आपण विचारलंच नाही. मीही नाही विचारलं. तू हसलीस म्हणून मी गप्प बसले, आणि तू मरायला टेकलीस." तिचा आवाज तेवढाच सपाट होता. "उद्या कुणी येऊन म्हणेल, मला माहीत आहे तो कुठं आहे. त्याला म्हणावं, दाखव. टेबलाखाली बघू दे, दार उघडू दे. खरं असेल तर बघण्यानं बिघडत नाही. आणि कुणी म्हणालं औषध सोड, तर त्याला आधी घराबाहेर काढावं, मग बाकीचं बोलावं."

आजूबाजूच्या चारपाच जणांनी ते ऐकलं. ओतासीलिओने मान हलवली.

गोदामातून ती आईला थेट दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने सलाइन लावली, सुई दिली, जखम धुतली, आणि म्हणाली, आणखी थोडा उशीर झाला असता तर ही वाचली नसती. दोन दिवस आईला तिथेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली. जुसाराने साखर मोजली, इन्सुलिनचं पेन तयार केलं. आईने पोटावरचा सदरा वर केला.

मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. कॉफी गार होत होती.

"जुका गेला त्या दिवशी सकाळी तूच होतीस घरात," आई म्हणाली. "मी बाजारात गेले होते. तुला मी कधी विचारलंच नाही."

"नाही."

"मग आता विचारते. कसा होता तो?"

जुसाराने तोंड उघडलं. शब्द लांबून आले, पण आले. "शिळा भात खाल्ला त्यानं. पातेल्यातूनच, उभ्यानं. मी ओरडले, ताट घे म्हणून. तो म्हणाला, ताट धुणार कोण, तू का मी? मग चप्पल सापडेना. तुझी घालून अंगणात गेला, ट्रकची काच पुसली. त्याच्या पायात तुझ्या चपला इवल्याशा दिसत होत्या."

"माझ्या?"

"निळ्या पट्ट्यांच्या. मग त्याला त्याच्या सापडल्या. जाताना म्हणाला, आईला सांग, दुपारी मासे आणतो. मी म्हटलं, आणलेस तर तूच साफ कर."

दोना झुल्मिराने दोन्ही हात तोंडावर धरले. बोटांच्या फटींतून तिने विचारलं, "आणखी काय म्हणाला? सगळं सांग. काही गाळू नकोस."

जुसाराने खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. मध्ये कुठेतरी तिच्या लक्षात आलं की कॉफीच्या कपात थेंब पडताहेत, आणि ते आपलेच आहेत. ती थांबली नाही. आई ऐकत होती, आणि जे ऐकत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता.